नकाशावरील आंकडे

कोराडीच्या वीजकेंद्राचीं उंच धुराडीं दुरून दिसतात, आणि तेथें ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत हेंही येथें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्यांतील तुळया आणि नळ्या प्रथम नकाशावर होत्या, व तेथें रेषेइतकीच किंमत आंकड्यास होती, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. माझें अर्धें आयुष्य नकाशे रेखाटण्यांत गेलें. त्यामुळें मला आंकडा आधीं दिसतो.

वस्तूच्या कडेपासून किंचित् अंतर सोडून दोन बारीक रेषा बाहेर काढावयाच्या, त्यांच्यामध्यें मापाची रेषा ओढावयाची, तिच्या टोकांस रुंदीच्या तिप्पट लांबीचे बाण द्यावयाचे आणि वर आंकडा लिहावयाचा, हा जुना परिपाठ. टी-स्क्वेअर घेऊन बसणाऱ्याचा यांत दिवस जाई. १९८२ सालीं ऑटोकॅड निघालें, आणि पुढें हें काम संगणकाकडे गेलें. आतां दोन टोकें दाखविलीं कीं माप आपोआप उमटतें. रेषा सरकविली कीं आंकडाही बदलतो. जुने दिवस बरे होते असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नव्हे. शाई सांडून फुकट गेलेले कागद मीं पुष्कळ पाहिले आहेत.

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या आमच्या नव्या स्वयंपाकघराचा नकाशा करीत होता. भिंत ३६०० मिलिमीटर, मध्यें ९०० ची खिडकी, दोहों बाजूंस १३५०. आमच्या सौभाग्यवतींनीं खिडकी थोडी मोठी मागितली. चिरंजीवांनीं रेषा न हलवितां ९०० च्या जागीं नुसतें १००० लिहिलें!

"काका, गवंडी आंकडाच वाचतो. रेषा कोण मोजतो?"

तें खरेंच आहे. नकाशावर पट्टी लावून माप घेऊं नये, लिहिलेला आंकडाच प्रमाण मानावा, हा आमच्या धंद्यांतील नियम. पण खिडकीची लोखंडी जाळी यंत्रावर कापून यावयाची होती, आणि यंत्र आंकडा वाचीत नाहीं. तें रेषेवरून चालतें. भिंतींत भोंक १००० चें पडलें असतें आणि जाळी ९०० ची आली असती.

मी हें सांगत असतांनाच सौभाग्यवतींनीं कागद ओढून घेतला आणि वाण्याच्या यादीप्रमाणें तीन आंकडे मिळविले. "अरे, तुकडे ३७०० होतात, मग भिंत ३६०० कशी?"

कांहीं फरक खपतात. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तरी आमचा मिस्त्री ९०० ला अजून तीन फूटच म्हणतो. खरे तीन फूट ९१४ हून किंचित् अधिक. तेवढें गिलाव्यांत जिरतें. शंभर जिरत नाहींत.

पुतण्यानें मुकाट्यानें रेषा सरकविल्या. बाजूंचे १३५० आपोआप १३०० झाले, आणि तेव्हां कळलें कीं डाव्या बाजूस ठरविलेलें १३५० चें कपाट आतां तेथें बसत नाहीं. खिडकी कीं कपाट, याचा निकाल घरांत अद्याप लागलेला नाहीं.