बेडकांचा गळा दाबणारा पाऊस!

आधीच सांगून टाकते, मी भाषातज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. माझं इंग्रजी तर्खडकरी वळणाचं, व्याकरण पाठ आणि बोलताना घाम! पण गेले चार दिवस मला झोप नाही, आणि दोष सगळा माझ्या भाचीचा!

ती पिट्सबर्गला शिकते. चार दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली, "मावशी, ठेवते हं, कार नीड्ज वॉश्ड." मी म्हटलं, "अगं, मधलं 'टु बी' कुठे गेलं?" तर खिदळत म्हणते, "इथे खूप जण असंच बोलतात गं!"

असंच बोलतात? साक्षात अमेरिकन माणसं? आणि त्यांना कुणी छडी मारत नाही? म्हटलं, दहा मिनिटं शोधून बघू. घड्याळात बघितलं तर रात्रीचे दोन!

कारण मग सापडलं 'यिन्झ'. पिट्सबर्गचा 'तुम्ही'! आपल्याला शाळेत शिकवलं, तू पण 'यू', तुम्ही पण 'यू', गप बसा. पण पिट्सबर्गकर गप बसले नाहीत हो! 'यू वन्स' घासून घासून त्यांनी 'यिन्झ' केलं, आणि मग कळलं की दक्षिणेत 'यॉल' आहे, आणि न्यूयॉर्ककडे 'यूझ', आणि मग दक्षिणेत 'यॉल'ने भागलं नाही म्हणून 'ऑल यॉल' पण आहे, म्हणजे तुम्ही सगळेच्या सगळे, मागे लपलेला तूसुद्धा! जो तो आपापला 'तुम्ही' घरच्या घरी बनवून बसलाय!

आणि तिथलंच 'नेबी'! भोचक माणूस म्हणजे नेबी, कारण 'नेब' म्हणजे चोच, नाक. नको तिथे नाक खुपसणारा! समुद्रापलीकडे, तेच नाक, तेच खुपसणं! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. नवरा कूस बदलून झोपला.

पावसाचं तर विचारूच नका. धो-धो कोसळला की कुठे 'गली वॉशर', ओहोळ धुऊन काढणारा. कुठे 'गूज ड्राउंडर', बदकांचा थोराड भाऊ जो हंस, तोही बुडेल असा. आणि दक्षिणेत 'फ्रॉग स्ट्रँग्लर', बेडकांचा गळा दाबणारा पाऊस! बेडकांचा! आणि ऊन असताना पाऊस पडला तर आपल्याकडे कोल्ह्याचं लग्न लागतं, अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र म्हणतात सैतान बायकोला मारतोय. (आपलं लग्नच बरं बाई.)

न्यू ऑर्लीन्समध्ये दुकानदाराने वर जे थोडं फुकट घालायचं, त्याला 'लॅन्याप' म्हणतात. पिशवीत वरून टाकलेली कोथिंबीर हो! आपण ती हक्काने मागतो, भांडतो, पण तिला एक शब्द? मला तरी आठवेना! तिकडच्या शब्दाचं मूळ मात्र स्पॅनिशमधून थेट दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेपर्यंत जातं, आणि मार्क ट्वेन या शब्दावर इतका खूश की 1883च्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी'त त्याचं कौतुक करून गेलाय. चला, मी एकटीच वेडी नाही!

आणि मग मला अमेरिकेतल्या असल्याच बोलीभाषेतल्या शब्दांचा एक कोश सापडला. थांबा, बसून घ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातले फ्रेडरिक कॅसिडी, स्वतः जन्माने जमैकाचे, त्यांनी या कोशासाठी 1965 ते 1970 या काळात माणसं पाठवली, गाड्या देऊन, आणि त्या गाड्यांचं नाव काय? वर्ड वॅगन! शब्दांची गाडी! 1,002 गावांत जायचं, जुन्याजाणत्यांना गाठायचं आणि सोळाशेहून जास्त प्रश्न विचारायचे. पलंगाखाली साठणाऱ्या धुळीच्या मऊ गोळ्याला काय म्हणता? असे प्रश्न! आणि उत्तरं आली ना! धुळीचे ससे, धुळीची मांजरं, आणि एक 'हाउस मॉस', घरातलं शेवाळ! मी झाडू टाकून पलंगाखाली वाकून बघितलं. शेवाळच!

पहिला खंड आला 1985ला. कॅसिडी गेले 2000 साली, तेव्हा गाडी 'ओ'पर्यंतच पोचलेली. 'झेड' आला 2012ला. आणि त्यांच्या थडग्यावर काय कोरलंय? 'ऑन टु झेड!' चला, झेडकडे! उद्गारचिन्हासकट! इथे मात्र मी दोन मिनिटं गप्प बसले.

दोनच मिनिटं. कारण पुढे डेव्हिल स्ट्रिप! फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी असते ना, तिला क्लीव्हलंडला 'ट्री लॉन' म्हणतात, आणि तिथून जेमतेम तासाभरावरच्या अ‍ॅक्रनला 'डेव्हिल स्ट्रिप', सैतानाची पट्टी. बरं, एका अपहरणात खंडणीची चिठ्ठी आली, पैसे डेव्हिल स्ट्रिपवरच्या कचराडब्यात ठेवा म्हणून. लिहिणाऱ्याने अडाणी दिसावं म्हणून स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. पोलिसांनी ती रॉजर शाय या भाषाभ्यासकाला दाखवली, आणि त्याने विचारलं, तुमच्या संशयितांत अ‍ॅक्रनचा कुणी शिकलेला माणूस आहे का? होता! एका गवताच्या पट्टीने पकडून दिला हो! स्पेलिंग लपवलं, गाव लपलं नाही!

आता मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? मी फोन उचलला. दुपारचे दोन वाजलेले, तिकडे पहाटेचे साडेचार, हे सुचलं उशिरा. "अगं, तुझ्या घरासमोर फुटपाथ आणि रस्त्याच्या मधे गवत आहे ना, त्याला शेजारचे काय म्हणतात? आणि पलंगाखालच्या धुळीला? आणि..."

पलीकडे लांब जांभई. मग झोपेतला आवाज, "मावशी, किती नेबी आहेस गं तू!"

ऐकलंत? ऐकलंत ना? नेबी म्हणाली मला!