कंचेभागुबेव आणि ओळीची डबी



आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. कंचेभागुबेव आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. पण नुसतं घोकलेलं कसं अंगाशी येतं, ते यंदाच्या आयंबिल ओळीत आमच्या जालन्यातल्या महिला मंडळात दिसलं.

ओळीची वही एक काकीजी सांभाळतात. शिक्षण चौथीपर्यंत. डबीत आधीचे ८,५०० रुपये होते. नऊ दिवसांत किराणा-गॅसला ४,२०० गेले, पारण्याच्या दिवशी १,३०० भेट आली. काकीजींनी तोंडीच शिल्लक ५,६०० सांगितली, डबीतही तेवढीच निघाली. वही तपासायला बसलेल्या एका सूनबाईंनी मात्र ८५०० − ४२०० + १३०० असं एका ओळीत मांडलं आणि ‘बे’ आधी येतो म्हणून ४२०० व १३०० आधी मिळवले. उत्तर ३,०००. मग डबीत २,६०० जास्त कसे?

बाहेरच्यांना वाटेल, जास्तच आहेत ना! पण धर्माच्या पैशात जादा रक्कम निघाली म्हणजे कुणाची तरी पावती फाडायची राहिली. काकीजींनी दोन रात्री पानं चाळली. वही सोडते म्हणाल्या. त्यांच्या शिक्षणाबद्दलही कुजबुज झालीच, आणि तिचा मला राग आला.

बेरीज आणि वजाबाकी या बरोबरीच्या जावा. शब्दात एकीचं नाव आधी घ्यावं लागतं, इतकंच. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची: ४,३००, मग ५,६००. सूनबाईंच्या रीतीत आलेली भेट खर्चात गेली, म्हणून फरक भेटीच्या बरोबर दुप्पट पडला. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. १२ ÷ ३ × २ म्हणजे ८. गुणाकार आधी केला तर २ येतात, ते चूक.

वही काकीजींकडेच राहिली. सूनबाई आता त्यांच्याजवळ बसून प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक लिहायला शिकताहेत.

‘चे’ मात्र खरोखरच आधी. याचं आपल्याला कौतुक हवं, कारण नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला ‘प्रभाग’ असा वेगळा प्रकारच आहे. गणितं श्लोकांत, त्यामुळे आधी काय करायचं ते वाक्यच सांगायचं. आजची अधिक-उण्याची चिन्हं कित्येक शतकांनंतर युरोपात आली. या ग्रंथाची हिंदी आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातूनच निघाली.

मुलांना एक गणित घाला: २४ ÷ ६ चे १/२. सहाचे निम्मे तीन, म्हणून उत्तर ८. कुणी २ सांगितलं, तर ‘चे’ विसरलं समजा.