अस्सलबरहुकूम

गेल्या श्रावणात पुण्यास भाच्याच्या घरी उतरलो असता, मध्यरात्री पाण्यासाठी उठलेल्या मला त्याच्या दाराखालून प्रकाशाची तिरीप दिसली, आणि दार लोटून पाहतो तो हा तरुण काचेच्या पाटीवर लेखणी टेकवून, दाराच्या मुठीकडे जाणाऱ्या एका मनुष्याच्या हाताचे चित्र काढीत होता. ते पुरे होताच त्याने तेच चित्र पुन्हा काढावयास घेतले, हात जवभर पुढे सरकवून. "झोपा मामा तुम्ही," मान वर न करता तो म्हणाला, "माझी अजून सव्वादोनशे राहिलीत."

सेकंदाला चोवीस चौकटी, एक चित्र दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदास बारा चित्रे. चाळीस सेकंदांच्या प्रसंगास चारशे ऐंशी. हा हिशेब त्याने मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी समजावून दिला. तो प्रसंग कोणत्याही छायाचित्रकाराने कधी टिपलेला नाही, टिपला जाणे आता शक्यही नाही, कारण ज्याचा तो हात होता तो नट, पीटर सेलर्स, १९८० साली निवर्तला.

चित्रपट 'कॅसिनो रोयाल'. अलीकडचा नव्हे, इयान फ्लेमिंगच्या १९५३ मधील पहिल्या बाँड-कादंबरीचे नाव धारण करून तिच्यापासून यथेच्छ दूर भटकलेला, १९६७ चा. जॉन हस्टन, केन ह्यूज, व्हॅल गेस्ट, रॉबर्ट पॅरिश आणि जो मॅकग्राथ असे पाच दिग्दर्शक त्याच्या कपाळी लिहिलेले. जुगाराच्या एकाच मेजाशी समोरासमोर बसलेल्या सेलर्स आणि ऑर्सन वेल्स यांचे आपसांत इतके बिनसलेले की त्या दोघांचे काम बव्हंशी निरनिराळ्या दिवशी टिपावे लागले. आणि त्यावर कळस म्हणजे सेलर्स आपले काम पुरे होण्यापूर्वीच निघून गेला. हाती उरलेल्या तुकड्यांना डेव्हिड निव्हनच्या नव्या प्रसंगांचे दुवे जोडण्याची कामगिरी व्हॅल गेस्टकडे आली. तरीही विवर राहिलेच. वेस्पर हिला शत्रू पळवून नेतात, सेलर्सचा ट्रेंबल तिच्या मागावर निघतो, आणि पाहतो तो पुढच्या क्षणी तो शत्रूच्या कैदेत, खुर्चीवर!

"मधलं कुठंय?" भाचा विचारीत होता, जणू ते मी कोठे ठेवले आहे. हा चित्रपट त्याने इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची एक स्वतःची प्रत, आवडीप्रमाणे संकलित केलेली, त्याने आपल्यापुरती तयार केली आहे, आणि तीत हे मधले तो हाताने भरून काढतो आहे. मला स्वतःला हेरपटांतील गोळीबाराचा फार लवकर कंटाळा येतो. हेर कोपऱ्याशी थबकतो, हातमोजा काढतो, दार उघडावे की नाही याचा विचार करतो, तेवढेच मला पाहावेसे वाटते. भाच्याने नेमके तेच काढावयास घेतले होते, म्हणून मी त्याच्या खोलीत दोन दिवस बसून राहिलो.

याच चित्रपटाची नामावली रिचर्ड विल्यम्स याने चितारलेली आहे. त्यातील वेलबुट्टीची अक्षरे पाहून जुन्या सचित्र हस्तलिखितांची आठवण होते. भाच्याची रेषा तीच वळणे गिरवू पाहते. पुढल्याच वर्षी 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या चित्रपटासाठी विल्यम्सने एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश नियतकालिकांतील चित्रांच्या शैलीत सचेतन प्रसंग काढले, आणि खरी माणसे व खरे घोडे यांच्यामध्ये ती चित्रे निःसंकोच येऊन बसली. त्याचा स्वतःचा 'द थीफ अँड द कॉबलर' मात्र जवळजवळ तीन दशके चालला आणि १९९२ साली अपुराच त्याच्या हातून काढून घेण्यात आला. पुढे चाहत्यांनी तो जुळविला तेव्हा जेथे रंगीत चित्रे नव्हती तेथे पेन्सिलीची कच्ची चित्रे तशीच ठेवली. ती प्रत भाच्याने मला दाखविली. भरजरी दरबारातून एकाएकी कोऱ्या कागदावरच्या करड्या रेषांत आपण उतरतो, तेव्हा छातीत काही तरी हलते.

भाच्याला एका मित्राने सल्ला दिला होता की आता यंत्राकडून सेलर्सचा हुबेहूब चेहरा करवून घेता येतो, कोणास कळणारही नाही. त्याने तो मानला नाही. कारण विचारले, तर त्याला नीट सांगता येईना; आणि मला एकदम अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, मामलेदार कचेरीत नक्कलनवीस होते. दस्तऐवजांच्या नकला करणे, पडताळणे, खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' असे लिहून सही करणे, यात त्यांचे आयुष्य गेले. आणि मूळ कागद जेथे कसरीने खाल्लेला असेल तेथे आडवी रेघ ओढून 'मूळ फाटके' हा शेरा ते न चुकता मारीत, मग तुटलेला शब्द संदर्भावरून पोरालाही सांगता येवो. घरी पांडवप्रतापाची एक हस्तलिखित पोथी होती, लाकडी फळ्यांमध्ये, तांबड्या रुमालात. एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली आणि विराटपर्वातील अकरा पत्रे गेली: पांडव अज्ञातवासात आहेत, दुर्योधनाचे हेर देशोदेशी त्यांचा माग काढीत आहेत, नेमका तो भाग. शेजारच्या गावच्या जोशांची पोथी अण्णांनी चातुर्मासाच्या मुदतीने मागून आणली आणि कचेरीतून आल्यावर कंदिलाशी बसून, बोरूने, रात्री दोन-तीन ओव्या अशा बेताने ते ती अकरा पत्रे उतरवू लागले. मी शेजारी बसून बोरू तासून देत असे. शाई वाळेपर्यंत पत्र हलवायचे नाही, ही ताकीद मला होती, आणि त्या ओल्या अक्षरांवर कंदिलाची ज्योत हलताना दिसे ती मी टक लावून पाहत असे. एका शेजाऱ्याने सुचविले की कागद चहाच्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे जुन्यात मिसळून जाईल. अण्णांनी बोरू खाली ठेवला. "वाचणाऱ्याला कळायला हवं," ते म्हणाले, "जुनं कुठं संपलं ते." आणि पहिल्या पत्राच्या समासात त्यांनी लिहिले, 'येथून पुढे ११ पत्रे नवी', खाली मिती आणि सही, कचेरीत करीत तशीच.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा तीत पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असे बजावले. अण्णांना ते वचन पाठ होते आणि त्याचे भयही होते. म्हणूनच उतारा पुरा झाल्यावर तो त्यांनी जोशांच्या पोथीशी तीनदा ताडून पाहिला. भाच्यापुढे ताडून पाहण्यास दुसरी प्रतच नाही. ट्रेंबल कसा पकडला गेला हे त्याला आपल्याच मनातून काढावे लागते, आणि मला वाटते, म्हणूनच तो ते रेषेत काढतो: रेषा आपली सही लपवीत नाही. नरोटी ठेवायचीच तर ती नरोटी म्हणून दिसली पाहिजे, आणि ती घासूनपुसून ठेवलेली असली पाहिजे.

पुढे अण्णा दर चातुर्मासात ती पोथी वाचीत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. खांबाला टेकून, वाती वळीत ती ऐके. पण विराटपर्वात अण्णा त्या पत्रांवर आले की तिचे हात थांबत. नव्या कागदाचा उलटताना होणारा आवाज निराळा, अंमळ करकरीत होता. अकरा पत्रे ती तशीच, हात मांडीवर ठेवून ऐके. आणि जुने, मऊ पडलेले पान पुन्हा उलटले म्हणजे पुढची वात वळावयास घेई.