रॅकेटची मूठ: वेंगुर्ल्याहून मामांस पत्र

वेंगुर्ले,
श्रावण शुद्ध दशमी



पत्रास कारण की, चतुर्थीला येताना भाचीसाठी पुण्याहून बॅडमिंटनची रॅकेट आणण्याचे मामांनी कळविले आहे. रॅकेट घेताना वजन, तारांचा ताण आणि कंपनीचे नाव यांची चौकशी सर्वच करतात, परंतु ज्या एका ठिकाणी रॅकेट हाताला प्रत्यक्ष भेटते त्या मुठीच्या मापाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खरेदी पुण्यात व्हायची आणि हात वेंगुर्ल्यात राहायचा, अशा स्थितीत हे माप अंदाजावर सोडणे बरे नव्हे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटले.

बॅडमिंटनच्या नियमांनी रॅकेटची एकूण लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर यांपलीकडे जाऊ नये असे ठरविले आहे, पण मूठ किती जाड असावी याला नियमांत कोणतीही मर्यादा नाही. तो निर्णय संपूर्णपणे खेळणाऱ्याचा. मूठ मुळात लाकडाची आणि अष्टकोनी असते, तिच्यावर कारखान्यातच एक ग्रिप, म्हणजे चिकटपट्टीसारखे मऊ आवरण, गुंडाळलेले असते, आणि मूठ जिथे संपून बारीक दांडी सुरू होते तिथल्या टोपणावर ‘४यू जी५’ अशी अक्षरे छापलेली असतात. त्यांतील पहिली जोडी वजनाची असून ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम. दुसरी जोडी मुठीच्या परिघाची, आणि नवख्या ग्राहकाची फसगत इथेच होते, कारण जी या अक्षरापुढील आकडा जसजसा वाढतो तसतशी मूठ बारीक होत जाते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जातींना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी क्रमांकांची नावे दिली, तिथे मोठा आकडा नंतरची जात दाखवितो. रॅकेटवरचा मोठा आकडा मात्र लहान मूठ दाखवितो, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धी चूक टळते. आपल्याकडील दुकानांत बहुधा जी-४ आणि जी-५ हीच मापे मिळतात, आवरणासह त्यांचा परीघ आठ ते नऊ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, आणि सगळ्या कंपन्यांची मापे एकमेकांशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे केवळ छापील अक्षरांवर विसंबणे योग्य नाही.

मोठ्या हाताला जाड मूठ आणि लहान हाताला बारीक मूठ ही समजूत वरकरणी सरळ वाटते, पण ती अपुरी आहे. बॅडमिंटनचे शटल जेमतेम पाच ग्रॅमचे, नियमाने ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यानचे. त्याला दूर धाडण्यासाठी दंडाच्या जोरापेक्षा रॅकेटच्या डोक्याचा वेग लागतो, आणि तो वेग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात स्वतःभोवती फिरविण्यातून व अगदी शेवटच्या क्षणी बोटे आवळण्यातून निर्माण होतो. याचा अर्थ असा की फटक्याआधी मूठ हातात सैल असली पाहिजे, बोटांच्या पेरांवर टेकलेली असली पाहिजे, आणि तळहात व मूठ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. ती जागा नसेल तर आवळायला काही उरतच नाही. शिवाय फोरहँडकडून बॅकहँडकडे वळताना मूठ बोटांत किंचित फिरवून अंगठा तिच्या रुंद बाजूवर टेकवावा लागतो, आणि हे फिरविणे जाड मुठीवर मंदावते. म्हणून माप ठरवायचे ते हाताच्या आकारावरून कमी आणि बोटांना किती हलता येते यावरून अधिक.

पुण्याच्या मंडळींना हे सांगण्याची गरज पडू नये, कारण या खेळाचे आरंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीतच बांधले गेले आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही कन्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, त्याही पुण्याच्याच. आणि सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलंगोर स्पर्धा जिंकून भारताला बॅडमिंटनमधले पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्या काळच्या लाकडी रॅकेटी आजच्यापेक्षा कितीतरी जड होत्या, तरीही नाटेकरांचे नाव झाले ते शटलाला हळुवार, फसव्या स्पर्शाने वळविण्यासाठी, आणि असा स्पर्श आवळलेल्या मुठीतून येणे अशक्य आहे.

मापाची एक जुनी रीत दुकानदार अजूनही सांगतात. अनामिकेच्या टोकापासून तळहातावरच्या मधल्या रेषेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि तेवढा परीघ असलेली मूठ घ्यायची, अशी ती रीत असून रॉबर्ट निर्शल या अमेरिकी शल्यवैद्याने ती टेनिससाठी सुचविली. टेनिसचा चेंडू जड, रॅकेट जड आणि पकड तळहातात रुतवून धरलेली, त्यामुळे तिथे ती उपयोगी असेलही. बॅडमिंटनला मात्र ती लागू करणे चूक आहे. भाचीच्या हाताचे हे अंतर साडेनऊ सेंटिमीटर भरते, म्हणजे या हिशेबाने तिच्यासाठी आपल्याकडे मिळणारी सर्वांत जाड मूठही अपुरी ठरेल, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असा निष्कर्ष निघणे हाच त्या रीतीवरचा पुरेसा आक्षेप आहे.

चुकीच्या मापाने कोपर दुखते असेही पुष्कळदा सांगितले जाते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला होणाऱ्या या वेदनेला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात; मनगट वर उचलणारे स्नायू जिथे हाडाला चिकटलेले असतात तिथे वारंवार ताण येऊन ती उद्भवते, आणि मूठ घट्ट आवळताना मनगट स्थिर ठेवण्यासाठी नेमके हेच स्नायू राबतात. तथापि निरोगी टेनिसपटूंवर केलेला एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात मुठीचा परीघ पाव इंच कमी किंवा जास्त केल्याने या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यावरून माप गौण आहे असे म्हणता येणार नाही, पण दोष मापापेक्षा आवळण्याचा असावा असा तर्क मात्र करता येतो, आणि वेंगुर्ल्यात राहून खेळणाऱ्याच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

कारण वेंगुर्ल्यात मूठ आवळली जाते ती बहुतेक वेळा घामामुळे. समुद्राच्या काठी हवेत बारा महिने दमटपणा असतो आणि पावसाळ्यात तर अंगावरचा घाम सुकतच नाही. त्यात शटल हलके असल्याने वारा अजिबात चालत नाही, म्हणून हॉलची दारे-खिडक्या लावून आणि पंखे बंद करून खेळावे लागते. अशा वेळी दंडावरचा घाम ओघळून तळहातात उतरतो, आणि तळहाताच्या स्वतःच्या घर्मग्रंथी तर उष्णतेइतक्याच मनाच्या ताणानेही पाझरतात, त्यामुळे सामन्यात हात सरावापेक्षा अधिक ओला होतो. मूठ निसटू लागली की खेळणारा ती आवळतो, आवळून थकला की मूठ बारीक असल्याचा समज करून घेतो, मग तिच्यावर आणखी एक पट्टी चढवितो, आणि जाड झालेल्या मुठीवर बोटे आखडून जातात. किनाऱ्यावरच्या कितीतरी होतकरू मुलांचा बॅकहँड या एका गैरसमजापायी अडतो, ही खरोखर वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे. घामाचा बंदोबस्त आधी आणि मापाचा विचार नंतर, हा क्रम उलटता कामा नये.

बंदोबस्ताची साधने साधी आहेत. कारखान्यातून आलेल्या मुठीवर प्लास्टिकचे पातळ वेष्टन असते, ते पुष्कळ जण नवेपणा टिकावा म्हणून तसेच ठेवतात; ते पहिल्या दिवशीच काढून टाकावे, कारण ओल्या हातात त्याच्याइतके निसरडे दुसरे काही नाही. मग मुठीवर ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ आवरणावर गुंडाळायची आणि झिजली की बदलायची पातळ पट्टी, घ्यावी, आणि ती चिकट प्रकारची न घेता कोरड्या पृष्ठभागाची घ्यावी, कारण चिकट पट्टी घामाने लवकर बुळबुळीत होते. सुती टॉवेल ग्रिप घाम उत्तम शोषते, परंतु ती जाड असते आणि वेंगुर्ल्याच्या श्रावणात एकदा भिजलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही ओलीच सापडते, तेव्हा ती दिवाळीनंतरच्या त्यामानाने कोरड्या दिवसांसाठी राखणे बरे. मनगटावर पट्टा बांधला की दंडाचा घाम तिथेच अडतो.

आता जाडीचा हिशेब. ओव्हरग्रिप साधारण ०.६ मिलिमीटर जाड असते. मुठीभोवती तिचा एक थर चढला की त्रिज्या तेवढी वाढते आणि परीघ सुमारे पावणेचार मिलिमीटरने वाढतो, पट्टीच्या कडा एकमेकींवर येतात तिथे आणखी थोडा. पट्टी ताणून आणि कडा कमी चढवून गुंडाळली तर ही वाढ कमी होते, सैल गुंडाळली तर अधिक होते. यातून निघणारा निष्कर्ष असा की बारीक मूठ हवी तेवढी जाड करता येते, पण जाड मुठीचे लाकूड तासून कोणी बारीक करू नये. म्हणून दोन मापांत मन घोटाळले तर नेहमी बारीक माप घ्यावे. याला एक मर्यादा आहे. एका पट्टीचे वजन पाच ग्रॅम धरले आणि नव्वद ग्रॅम भरणाऱ्या रॅकेटचा तोल बुडापासून २९५ मिलिमीटरवर आहे असे धरले, तर मुठीच्या मध्यावर, म्हणजे बुडापासून ९० मिलिमीटरवर, ही पट्टी चढताच तोल जवळजवळ ११ मिलिमीटर मागे सरकतो, आणि स्मॅश मारताना डोक्याकडचा जो भार हाताला जाणवतो तो कमी होतो. दोन-तीन पट्ट्या एकावर एक चढविणाऱ्याची रॅकेट म्हणूनच वेगळी वाटू लागते, शिवाय मुठीचे आठ कोन बुजून ती गोल होते आणि न पाहता केवळ स्पर्शावरून पकड ओळखणे अवघड जाते.

सोबत एक दोरा जोडला आहे. भाची सध्या ज्या उसन्या रॅकेटवर मोकळेपणाने खेळते तिच्या मुठीचा, वरच्या पट्टीसह, तो परीघ आहे; ती मूठ सैल धरली असता अनामिकेचे टोक आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामध्ये तिची तर्जनी कशीबशी मावते, आणि एवढी जागा तिला पुरते असे पाहण्यात आले आहे. दुकानात नव्या रॅकेटच्या मुठीभोवती, मध्यावर, हा दोरा गुंडाळून पाहावा आणि त्याची टोके चार मिलिमीटरच्या आसपास एकमेकांवर येतील अशी मूठ निवडावी, म्हणजे वर एक ओव्हरग्रिप चढली की माप बरोबर जुळेल. ते बहुधा जी-५ निघेल. वजन ४यू पुरे. जी-५ न मिळाल्यास दुसऱ्या दुकानात जावे, आणि तिथेही न मिळाल्यास जी-४ घेऊन कारखान्याची मूळ ग्रिप सोडवून काढावी व उघड्या लाकडावर थेट ओव्हरग्रिप गुंडाळावी; मूळ ग्रिप दीड मिलिमीटर जाड असेल तर या अदलाबदलीने परीघ सुमारे साडेपाच मिलिमीटर कमी होतो. दुकानदार जाड मुठीचा आग्रह धरून मुलीचा हात वाढेल असे म्हणेल, त्याला हाताबरोबर पट्टी वाढविता येते एवढे उत्तर पुरे आहे. कोरड्या ओव्हरग्रिपचे एक पाकीट आणि मनगटाचे दोन पट्टे रॅकेटबरोबरच आणावेत, कारण इथे प्रत्येक वेळी ते हवे तसे मिळतीलच असे नाही.

आंबोली घाटात पाऊस जोराचा आहे, तेव्हा रॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावी.