यादवगिरीची फटफटी

म्हैसूरला येणारा प्रवासी बहुधा राजवाडा पाहतो, चामुंडीचे दर्शन घेतो, देवराज मार्केटातून हिंडतो आणि म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन परततो. वाचकहो, आपणही असेच कराल तर त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या पडवीत वडिलांच्या वेळची एखादी जावा किंवा येझदी ताडपत्रीखाली उभी असेल, तर या शहरातील अर्धा दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा. कारण म्हैसूर हे तिचे माहेर आहे.

रेल्वे स्थानकापासून जवळच यादवगिरी नावाचा भाग आहे. मुंबईच्या आयडियल मोटर्सचे इराणी कुटुंब चेकोस्लोव्हाकियातून जावा गाड्या मागवून विकीत असे. आयातीवर बंधने आली तेव्हा गाडी येथेच बनविण्याचा निश्चय झाला आणि फारूख इराणी यांच्या पुढाकाराने यादवगिरीस आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला. १९६१ साली म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सत्तरीच्या दशकात गाडीचे नाव जावाचे येझदी झाले. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. पण त्या नव्या गाड्या मध्य प्रदेशात पीथमपूरला बनतात.

मी म्हैसूरला गेलो तो एक अडचण घेऊन. कोल्हापुरास आमच्या घरी वडिलांची १९६९ सालची जावा आहे. वडील गेल्यावर ती भंगारात द्यावी असे घरात ठरत आले होते. माझ्या मनात मात्र तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करावी असे होते. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपूर्वीच्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना अशी नोंदणी मिळते. ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या कामासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. हे सर्व मला मान्य होते. पण आरसी बुकातील इंजिन क्रमांक आणि गाडीवरील क्रमांक जुळेना! चोरीचे इंजिन म्हणून कोणी बोट दाखविले तर वडिलांच्या नावाला बट्टा लागेल, ही भीती मनातून जाईना.

म्हैसुरात रस्त्यावरच्या 'केए ०९' या पाट्या पाहून कोल्हापूरकराला आपल्या 'एमएच ०९'ची आठवण येते. त्या ओळखीच्या आकड्याने धीर येऊन मी एका गल्लीतील जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या दुकानापुढे चार-पाच जावा उभ्या होत्या आणि त्यांचे मालक तेथेच बाकावर बसून एकमेकांस सल्ला देत होते. कोणी बँकेतील निवृत्त कारकून, कोणी महाविद्यालयीन विद्यार्थी. एकाचा धूर, दुसऱ्याची गिअरची अडचण, तिसऱ्याचा हरवलेला नट! तेथे दुसऱ्याच्या गाडीचे दुखणे प्रत्येकाला आपले वाटत होते.

मी सोबत दोन्ही क्रमांकांचे पेन्सिल प्रिंट नेले होते. आपल्यालाही कधी हे करावयाचे असेल तर रीत सोपी आहे. चॅसिस क्रमांक हँडलखाली सांगाड्याच्या मानेवर असतो आणि इंजिन क्रमांक इंजिनाच्या आवरणावर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने मळ काढावा. कानस किंवा पॉलिश कागद चुकूनही लावू नये, कारण पुसट झालेला अंक संशयास कारण होतो. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल हलकेच फिरवावी.

मिस्त्रींनी कागद उन्हात धरून पाहिला. अंक सरळ ओळीत आहेत, कोठे घासल्याची खूण नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "इंजिन कधी बदलले होते?" मला ठाऊक नव्हते. मी तेथूनच आईला फोन केला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अरे, राधानगरीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली नव्हती का? तुझ्या बाबांनी घाईत नुसतेच पेट्रोल भरले होते."

बाकावरील सर्वांना उलगडा झाला. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोलबरोबरच ऑइल मिसळावे लागते. तेच पिस्टनला वंगण पुरविते. ऑइल विसरले की पिस्टन तापून सिलिंडरात अडकतो. वडिलांनी तेव्हा दुसरे इंजिन बसविले. मात्र बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावयाची राहून गेली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गाडी खोटी नाही, कागद अपुरा आहे. जुने बिल शोधा." घरी आईने वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी ते बिल निघाले, तारखेसह आणि नव्या इंजिनाच्या क्रमांकासह. आता मी नोंदीसाठी अर्ज केला आहे. निर्णय काय लागेल तो लागो. वडिलांवरचा संशय माझ्या मनातून गेला आहे. गाडी भंगारात द्यावी, असे आता घरात कोणी म्हणत नाही.

त्या बाकावर मिळालेल्या आणखी काही गोष्टी आपल्यासाठी सांगतो. जावाची साखळी बंद पेटीत असते. दिसत नाही म्हणून ती विसरू नये. सायलेन्सरात काजळी साठली की गाडी ओढत नाही. आतील नळी काढून साफ करावी. पांढरा धूर एकाएकी वाढला आणि गिअरबॉक्सचे ऑइल कमी होऊ लागले, तर क्रँकची सील तपासावी. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते पाणी ओढते. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. गाडी साधी खाजगी असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात जुनी इंजिने उभी आहेत. ती पाहून मन भरते, पण ती चालत नाहीत. यादवगिरीच्या गाड्या कारखाना मिटला तरी अजून चालतात. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे मालक त्या बाहेर काढून एकत्र जमतात. कारखान्याने सोडलेले ज्ञान या लोकांनी एकमेकांना देत जिवंत ठेवले आहे.

म्हणून, वाचकहो, आपली ताडपत्री उचलण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांशी चार शब्द बोला. आरसी बुकात नसलेली नोंद कधी कधी त्यांच्याच आठवणीत असते.