चौथ्या क्रमांकाचं मोल

टोकियो ऑलिंपिकमध्ये दीपक पुनियाचं कांस्यपदक शेवटच्या काही सेकंदांत निसटलं, हे कुस्तीवेड्या माणसाला आजही सलतं. ते पदक ज्याने मिळवलं, तो माइल्स अमीन सॅन मरीनोचा. चहूबाजूंनी इटलीने वेढलेला, जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचा हा देश. लोकसंख्या सुमारे ३४ हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यांचे पाच खेळाडू टोकियोला गेले आणि तीन पदकं घेऊन परतले.

कुस्ती शिकवणारा म्हणून ८६ किलो गटातली ती लढत मी पोरांना आवर्जून दाखवतो. दीपक २-१ने पुढे होता, दुसरी फेरी संपत आली होती. अशा वेळी पुढे असलेला मल्ल गुण राखायला बघतो आणि मागे असलेला जिवावर उदार होतो. अमीन पायांत शिरला, पट काढून ताबा घेतला, दोन गुण मिळवले. भारताने पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली. ती फेटाळली गेल्यावर नियमानुसार आणखी एक गुण अमीनला. निकाल ४-२.

अमीन वाढला अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या संघात घडला. सॅन मरीनोशी त्याचं नातं आईच्या घराण्याकडून आलेलं. यावर नाकं मुरडली जातात, पण मला त्यात काहीच उणं वाटत नाही. मल्ल एकट्याने घडत नाही, त्याला रोज तोलामोलाची जोड लागते. ३४ हजारांच्या वस्तीत ८६ किलोच्या अशा किती जोडी मिळणार? जे घरी नाही ते बाहेरून मिळवण्यात शहाणपण आहे.

मला त्याहून मोठी वाटते ती अलेस्सांद्रा पेरिल्लीची वाटचाल. ती ट्रॅप नेमबाज. या खेळात समोरच्या खंदकातून मातीची तबकडी सुटते; ती डावीकडे जाणार की उजवीकडे, हे आधी कळत नाही आणि क्षणात बंदूक वळवावी लागते. २०१२मध्ये लंडनला तिघी जणी रौप्यपदकासाठी बरोबरीत होत्या. शूट-ऑफ झाला, दोघींना पदकं मिळाली, पेरिल्ली चौथी आली. १९६०मध्ये रोमला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या तिच्या देशाची पाटी कोरीच राहिली.

तरीही ती सॅन मरीनोसाठी खेळत राहिली. २९ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, तिने टोकियोत कांस्य जिंकलं. देशाचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. इतक्या कमी लोकसंख्येच्या देशाने उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवण्याचीही ती पहिलीच वेळ. दोनच दिवसांनी जान मार्को बेर्तीच्या साथीने तिने मिश्र सांघिक रौप्यही मिळवलं.

लहान देशांनी आपल्यापुरती एक पायरीही बांधून ठेवली आहे. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या युरोपीय देशांच्या क्रीडा स्पर्धा १९८५मध्ये सॅन मरीनोतच सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्या खेळाडूला तिथे बरोबरीचे प्रतिस्पर्धी भेटतात, जिंकण्याची सवय लागते.

आपल्याकडे माणसांची वाण नाही, म्हणूनच आपण माणूस सहज सोडून देतो. निवड चाचणीत एकदा हरलेल्या पोराचा खुराक घरच्यांना झेपेनासा होतो, तालीम सुटते आणि दुसरा पोरगा त्याच्या जागी उभा राहतो. पदकाच्या दारातून परतलेला खेळाडू पदकाच्या सर्वांत जवळ पोहोचलेला असतो. म्हणून आपल्या प्रत्येक जिल्ह्याने जिंकलेल्याचा सत्कार जरूर करावा, पण चौथ्या आलेल्याला पुढची चार वर्षं मॅट, जोड आणि खुराक द्यावा.