ओला पंचा

पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या अंगणात १९६६ सालची फियाट ११०० उभी असे. मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार झाली होती. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी तशी वाट पाहून ती घेतली आणि पुढे जन्मभर स्वतः चालविली. त्यांच्या पश्चात ती मुलाकडे आली, आणि आता तोही शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाला होता.

गाडीला एक जुनी खोड होती. उन्हाळ्यात घाट चढताना ती आचके देई आणि मध्येच बंद पडे. मग वडील बॉनेट उघडीत आणि आई तांब्यातील पाण्याने पंचा भिजवून त्यांच्या हाती देई. तो ओला पंचा पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला, की पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू होई. तेवढ्या वेळात दोघे कठड्यावर बसून दशम्या खात. मुलांना तो प्रवासाचाच एक भाग वाटे.

२०२२ सालच्या वैशाखात, वाईला राहणारी आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. बंद काचांच्या गाडीत तिला मळमळत असे. "मला आपल्याच गाडीतून ने," ती म्हणाली. मुलाने गाडी काढली. पण खंबाटकी घाटाच्या चढावर ती बंद पडली. आईने पंचा भिजवून दिला. या वेळी मात्र त्याचा उपयोग झाला नाही. अंगावर येणाऱ्या मालमोटारींच्या शेजारी, रणरणत्या उन्हात, आई दीड तास बसून होती. अखेर गाडी दुसऱ्या वाहनामागे बांधून परत आणावी लागली. भेट राहून गेली. आई काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणेच मुलाला लागले.

ज्या मेस्त्रींनी आयुष्यभर फियाट गाड्या दुरुस्त केल्या होत्या, त्यांनी बॉनेट उघडून पंपावर बोट ठेवले. "साहेब, टाकी मागे, पंप पुढे आणि तोही तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. इतक्या लांबून तो पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो." निवृत्त शिक्षकाला पुढचे सांगावे लागले नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी असतो, हे त्यानेच वर्गात कितीदा शिकविले होते. नळीतील पेट्रोलचेही तसेच होत होते. त्याची वाफ होई, पंप ती वाफच ओढत राही आणि इंजिन उपाशी पडे. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. पंपातील जुन्या रबरी पडद्याला ते सोसले नव्हते.

मेस्त्रींनी उपाय सांगितला : टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवायचा. तो पेट्रोल ओढण्याऐवजी मागून ढकलतो. त्यामुळे नळीत दाब राहतो आणि वाफ सहजी होत नाही.

मुलगा मात्र अडखळला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी अपेक्षा आहे. नियमापेक्षाही त्याला वडील आठवत होते. ज्या पंपाला त्यांचे हात लागले, तो काढायचा कसा? मेस्त्री म्हणाले, "गाडीला एकही नवं भोक पाडणार नाही. आहेत त्याच भोकांत सगळं बसवीन. उद्या वाटलं, तर तासाभरात पहिल्यासारखी करून देईन."

काम दोन दिवस चालले. मागे, टाकीच्या खालच्या पातळीला पंप बसला. त्याच्या आधी गाळणी आली. नव्या पंपाचा जोर जास्त असला, तर कार्ब्युरेटरमधील सुईची झडप तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडते. म्हणून दाब तीन पौंडांच्या आत ठेवणारा नियंत्रक जोडला. तार फ्यूज आणि रिलेमधून आणली. जुना पंप इंजिन थांबले की आपोआप थांबे, विजेच्या पंपाला ती जाण नसते. अपघातानंतरही तो पेट्रोल फेकत राहिला, तर आग लागण्याचा धोका असतो. त्यासाठी जोराचा धक्का बसताच वीज तोडणारे बटण बसविले. जुन्या पंपाच्या जागी पत्र्याचे झाकण आले. पंप पुसून, फडक्यात गुंडाळून मेस्त्रींनी डिकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरविताच मागून बारीक टकटक ऐकू आली. कार्ब्युरेटर भरला तशी ती मंदावली. आई पुढच्या आसनावर बसली. मांडीवर तांब्या होता आणि त्यावर घडी घातलेला पंचा.

"आई, आता त्याची गरज नाही."

"असू दे," ती म्हणाली.

उन्हे चढली होती. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर मुलाचे कान इंजिनाकडे लागले होते, पण गाडीने एकही आचका दिला नाही. माथा आला तेव्हा आई म्हणाली, "जरा थांब."

"का गं? गाडी तर चालू आहे."

"म्हणूनच थांब."

त्याने गाडी बाजूला घेतली. आईने दशम्यांचा डबा उघडला. मग तांब्यातील पाण्याने पंचा भिजविला, पिळला आणि घामाने निथळलेल्या मुलाच्या हाती दिला. तो त्याने कपाळावर धरला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि दोघे वाईच्या दिशेने घाट उतरू लागली. तेथे एक वृद्ध बहीण दाराकडे डोळे लावून होती.